अजिंठ्याच्या रंगांचे अमानतदार : गुलाम यजदानी

अल्लाहने मानवाला दिलेल्या देणग्यांमध्ये दृष्टीचे स्थान फार मोठे आहे. पवित्र कुरआनात आकाश आणि धरतीच्या निर्मितीबरोबरच माणसांच्या भाषांची व रंगांची विविधता ही जाणत्या लोकांसाठी निशाणी असल्याचे सांगितले आहे. डोंगरांमधील पांढऱ्या, तांबड्या आणि काळ्याभोर पट्ट्यांकडेही तेथे लक्ष वेधले आहे. रंग ही निशाणी असेल, तर ती नीट पाहणे हे माणसाचे काम ठरते. परंतु नीट पाहणे वाटते तितके सोपे नाही. एकच वस्तू निरनिराळ्या प्रकाशात निरनिराळी दिसते, आणि वस्तू व डोळा यांच्यामध्ये एखादा रंगीत पडदा आला की ती आणखीनच वेगळी दिसते. ज्या विद्वानाने हा प्रश्न खानदेशच्या वेशीवर, अजिंठ्याच्या काळोख्या लेण्यांमध्ये, जवळजवळ उभे आयुष्य हाताळला, त्या गुलाम यजदानी यांचे चरित्र आज वाचकांसमोर ठेवत आहोत.

जळगावहून पहूरमार्गे अजिंठ्याकडे जाणारा रस्ता खानदेशातील बहुतेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. अंतर सुमारे साठ किलोमीटर. लेण्यांच्या पायथ्याशी वाहणारी वाघूर नदी पुढे जळगाव जिल्ह्यातूनच तापीला जाऊन मिळते. या लेण्यांचा विषय निघाला की ती कोरणारे बौद्ध भिक्षू आठवतात, ती पुन्हा उजेडात आणणारे इंग्रज अधिकारी आठवतात. परंतु तेथील चित्रे पुढच्या पिढ्यांच्या हाती सुरक्षित पोहोचावीत यासाठी झटलेला दिल्लीचा एक अरबी-फारसीचा पंडित आपल्या घरांमध्ये क्वचितच कुणाला ठाऊक असतो.

गुलाम यजदानी यांचा जन्म १८८५ मध्ये दिल्लीत झाला. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीची जुनी वैभवशाली घराणी विस्कटली होती, तरी विद्येची परंपरा अद्याप जिवंत होती. त्या परंपरेत त्यांनी अरबी आणि फारसीचे शिक्षण घेतले आणि त्याच शहरातील सेंट स्टीफन्स महाविद्यालयात आधुनिक शिक्षणही पूर्ण केले. जुनी विद्या आणि नवी शिस्त या दोहोंचा संगम त्यांच्या स्वभावात तरुणपणीच झाला. काही काळ त्यांनी महाविद्यालयांतून अध्यापन केले. पुढे ते शिलालेखांच्या अभ्यासाकडे वळले, आणि भारतातील अरबी व फारसी शिलालेख प्रसिद्ध करणाऱ्या ‘एपिग्राफिया इंडो-मुस्लेमिका’ या सरकारी नियतकालिकाचे संपादन त्यांनी अनेक वर्षे केले.

शिलालेख वाचणे म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. कारण पुढील सर्व कामाची वृत्ती येथेच घडली. धुळे जिल्ह्यात थाळनेरला फारूकी सुलतानांच्या कबरी आहेत. अशा जुन्या वास्तूंवरील अक्षरे ऊन-पावसाने झिजलेली असतात. सकाळच्या तिरप्या उन्हात जे अक्षर स्पष्ट दिसते, ते भरदुपारी नाहीसे होते. म्हणून अभ्यासक ओला कागद दगडावर दाबून बसवतो, मऊ कुंचल्याने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवतो आणि वरून शाई फिरवतो. खाचा पांढऱ्या राहतात आणि उंचवटे काळे होतात. हा ठसा उन्हावर किंवा सावलीवर अवलंबून नसतो. तो पाहून दगडावर आहे तेवढेच वाचायचे, मनाला हवे ते वाचायचे नाही, ही या विद्येची पहिली अट आहे. यजदानी या अटीत मुरलेले होते.

१९१४ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांना हैदराबाद संस्थानात बोलावण्यात आले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान गादीवर येऊन तीनच वर्षे झाली होती. संस्थानाने पुरातत्त्व खाते नव्याने स्थापन केले आणि त्याची सूत्रे यजदानींकडे दिली. सर अकबर हैदरी यांच्यासारख्या जाणत्या प्रशासकाचा या कामाला भक्कम आधार होता. दौलताबादचा किल्ला, वेरूळची लेणी, बीदरचा महमूद गावान यांचा मदरसा, गुलबर्ग्याची जामा मशीद, वरंगळची काकतीय शिल्पे अशी अनेक स्थळे त्यांच्या देखरेखीखाली आली. अजिंठा त्यांपैकीच एक. त्या काळी खानदेश इंग्रजी अमलात होता, तर पलीकडे निजामाची हद्द लागे. मुंबईकडून किंवा नागपूरकडून येणारा अभ्यासक जळगावला आगगाडीतून उतरे आणि तेथून सीमा ओलांडून फर्दापूरला पोहोचे. अजिंठा कागदोपत्री हैदराबादचा असला, तरी त्याचा दरवाजा खानदेशात होता.

यजदानींच्या हाती आलेली चित्रे मोठ्या संकटात होती. काळ्या बेसाल्टच्या भिंतीवर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि त्यावर डिंक-सरसासारख्या बंधकात कालवलेले रंग, अशी या चित्रांची घडण आहे. दीड हजार वर्षांत पावसाळी ओल, कीटक, वटवाघळे आणि लेण्यांत वस्तीला राहिलेल्या लोकांच्या चुलींचा धूर यांनी त्यांची दुर्दशा केली होती. गिलावा भिंतीपासून सुटून फुगला होता. बोट लागले तरी पोपडा गळून पडावा, अशी अवस्था जागोजागी होती.

या चित्रांच्या नकला करून ठेवण्याचे प्रयत्न पूर्वी झाले होते. मद्रासच्या फौजेतील अधिकारी रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने या कामावर नेमले. त्यांनी जवळजवळ वीस वर्षे अजिंठ्याच्या परिसरात काढली. त्यांची बहुतेक चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत भस्म झाली. गिल यांची कबर आजही भुसावळला आहे. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह तेरा वर्षे नकला केल्या. त्यांपैकीही बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनमधील संग्रहालयाच्या आगीत जळाल्या. पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि हैदराबादचे सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन अशा चित्रकारांना घेऊन पुन्हा प्रयत्न केला. सय्यद अहमद नंतर हैदराबादच्या खात्यात रुजू झाले, लेण्यांचे क्युरेटर झाले आणि नकला करण्यात त्यांनी आपले आयुष्य घातले.

एवढे झाल्यावर यजदानींपुढे प्रश्न उरला तो विश्वासार्हतेचा. ग्रिफिथ्स यांच्या नकलांत युरोपीय रेखाटनाची छाया जाणकारांना दिसे, तर बंगालच्या चित्रकारांच्या नकलांत त्यांच्या स्वतःच्या शैलीचा हळुवारपणा उतरे. त्यात लबाडी कोणाचीच नव्हती. परंतु प्रत्येक चित्रकार आपल्या डोळ्यांतून आणि आपल्या दिव्याच्या उजेडात पाहत होता. त्या काळोखात मूळ रंग कोणता आणि उजेडाने आणलेला रंग कोणता, हे कसे ठरवायचे?

हा प्रश्न समजून घेण्यासाठी आपण आपल्याच बाजारापर्यंत जाऊ. जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या पाचकंदील भागात लग्नाचे कापड घेताना घरातील वडीलधारी स्त्री साडी हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात येते आणि मगच होकार देते. सराफाच्या दुकानात पिवळसर दिव्याखाली सोने अधिक खुलते. दोंडाईच्याची लालबुंद मिरची निळ्या दिव्याखाली ठेवली तर काळपट दिसते. निळ्या ताडपत्रीखाली मांडलेल्या भाजीचा ताजेपणा ओळखता येत नाही, आणि लाल मांडवात उभ्या असलेल्या पाहुण्यांचे पांढरे कुर्ते गुलाबी दिसतात.

याचे कारण साधे आहे. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग मिसळलेले असतात. मिरची त्यांपैकी तांबडा भाग परत पाठवते आणि बाकीचा शोषून घेते. तांबडा भाग नसलेल्या प्रकाशात तिच्याजवळ परत पाठवण्यासारखे काहीच उरत नाही, म्हणून ती काळी दिसते. रंगीत काचेचेही असेच आहे. पिवळी काच तांबडा, पिवळा आणि हिरवा प्रकाश बहुतांशी जाऊ देते, परंतु निळा व जांभळा अडवून ठेवते. काच प्रकाशात रंग भरते असा आपला समज असतो. खरे पाहता ती प्रकाशातून काही रंग काढून घेते.

या विचाराचा पाया घालण्यात मुस्लिम विद्वानांचा वाटा मोठा आहे. बसऱ्यात ९६५ च्या सुमारास जन्मलेल्या आणि कैरोत आयुष्याचा उत्तरार्ध घालवलेल्या इब्नुल हैसम यांनी ‘किताबुल मनाझिर’ हा दृष्टिशास्त्रावरील ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला स्पर्श करतात, हे जुने मत त्यांनी खोडून काढले आणि वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो तेव्हाच ती दिसते, हे मांडले. प्रकाशासोबत वस्तूचा रंगही प्रवास करतो, रंगीत पारदर्शक पदार्थातून गेलेला प्रकाश समोरच्या पांढऱ्या पृष्ठभागावर तो रंग उमटवतो, आणि प्रकाश बदलला की त्याच वस्तूचा रंग वेगळा भासतो, या गोष्टी त्यांनी प्रयोग व निरीक्षणाने तपासल्या. डोळ्याला दिसले म्हणजे ते तसेच आहे असे मानू नये, पाहण्याच्या अटी आधी तपासाव्यात, ही त्यांच्या ग्रंथाची शिकवण होती.

अजिंठ्यात या अटी फार कठीण होत्या. तेलाचा दिवा, मशाल किंवा जुना विजेचा दिवा यांच्या प्रकाशात तांबडा-पिवळा भाग भरपूर असतो, निळा फारच थोडा. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्यासारखे पांढरे पदार्थ आणि काजळी हे रंग वापरले. त्यांशिवाय पाचव्या शतकातील लेण्यांत बदख्शानच्या खाणींतून येणारा लाजवर्द हा मौल्यवान निळा दगड वापरला. दिव्याच्या उजेडात गेरू उजळून दिसतो आणि लाजवर्द काळवंडतो. म्हणून काही मार्गदर्शक लेण्याच्या दारात आरसा किंवा पांढरे कापड धरून उन्हाची तिरीप आत वळवत. तो उपाय दिव्यापेक्षा बरा. तरी ऊन सकाळचे की दुपारचे, यावर रंग बदलतच राही.

यजदानींनी दोन दिशांनी काम सुरू केले. पहिले काम चित्रे वाचवण्याचे. संस्थानाने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी या दोन जाणकारांना पाचारण केले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी अजिंठ्यात राहून सुटलेला गिलावा भिंतीला पुन्हा चिकटवला, कडा बांधून घेतल्या, चित्रांवरील घाण काढली आणि रंगांचे पोपडे जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी त्यांवर लाखेचे रोगण चढवले. सुतार लाकडावर जे लाखेचे पॉलिश देतात, त्याच जातीचा हा पदार्थ. यापूर्वी ग्रिफिथ्स यांच्या काळातही चित्रे उजळ दिसावीत म्हणून रोगण लावले गेले होते. इटालियन तज्ज्ञांच्या कामामुळे कोसळण्याच्या बेतात आलेली अनेक चित्रे भिंतीवर टिकली, हे निर्विवाद आहे.

दुसरे काम चित्रांची साक्ष नोंदवून ठेवण्याचे. यजदानींनी हाताने केलेल्या नकलांऐवजी छायाचित्रांचा मार्ग निवडला. छायाचित्रकार ई. एल. व्हॅसी यांच्याकडून लेण्यांतील चित्रांची रंगीत व एकरंगी छायाचित्रे घेण्यात आली. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असल्याने या कामाची अडचण ध्यानात येणार नाही. गिल यांच्या काळातील ओल्या काचांना निळा प्रकाश तेवढा दिसे. तांबडा त्यांच्या लेखी अंधारच होता. गेरूने रंगवलेल्या भिंतींच्या बाबतीत हा दोष किती मोठा! पुढे सर्व रंगांना दाद देणाऱ्या काचा तयार झाल्या, तेव्हाच या भिंतींचे छायाचित्र घेण्याला अर्थ आला.

रंगीत छपाईसाठी त्या काळी रंगीत काचांचीच, म्हणजे फिल्टरचीच, मदत घ्यावी लागे. एकाच चित्राच्या तांबड्या, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन वेगवेगळ्या नोंदी घेतल्या जात. प्रत्येक नोंद एकरंगीच असे. त्या त्या रंगाचा प्रकाश चित्राच्या कोणत्या भागातून किती आला, एवढेच ती सांगे. मग त्या नोंदींवरून निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाईचे तीन ठसे एकावर एक छापले की मूळ रंग कागदावर उतरत. स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडनला हे तत्त्व प्रथम दाखवून दिले होते. जो फिल्टर एकटा असताना रंगाची दिशाभूल करतो, तोच इतर दोघांच्या जोडीने आणि मोजूनमापून वापरला तर रंगाचा साक्षीदार बनतो.

या श्रमांचे फळ म्हणजे यजदानींचा ‘अजंता’ हा ग्रंथ. त्याचा पहिला भाग १९३० मध्ये लॉरेन्स बिन्यन यांच्या प्रस्तावनेसह ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. दुसरा भाग १९३३ मध्ये, तिसरा १९४६ मध्ये आणि चौथा १९५५ मध्ये आला. पहिल्या भागाच्या वेळी ते पंचेचाळीस वर्षांचे होते, चौथ्याच्या वेळी सत्तरीचे. मध्यंतरी १९४३ मध्ये ते निवृत्त झाले, देश स्वतंत्र झाला, ज्या संस्थानाने हे काम सोपवले होते ते भारतात विलीन झाले. तरीही त्यांनी हाती घेतलेले काम अर्धवट सोडले नाही. ही चित्रे छायाचित्रांवर आधारलेली आहेत, हे ग्रंथाच्या शीर्षकातच नमूद केले आहे. वाचकाच्या हाती आपण काय देत आहोत आणि ते कोणत्या मार्गाने आले आहे, हे पहिल्याच पानावर सांगणे ही त्यांची पद्धत होती.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. ही चित्रे बौद्ध धर्माची आहेत. त्यांत गौतम बुद्धांच्या जीवनातील आणि जातक कथांतील प्रसंग आहेत. अरबी-फारसीच्या पठडीत वाढलेल्या एका मुस्लिम विद्वानाने त्या कथा मुळातून अभ्यासल्या आणि प्रत्येक चित्रातील माणसे, वस्त्रे, अलंकार, वाद्ये व झाडे यांचे आदरपूर्वक वर्णन लिहिले. अमानत ज्याची त्याला सुखरूप पोहोचवण्याची जी ताकीद इस्लामने दिली आहे, तिला ठेव कोणाची आहे या प्रश्नाने फरक पडत नाही. यजदानींनी आपल्या हाती आलेली ठेव अशीच सांभाळली.

परंतु चरित्र लिहिताना उजव्या बाजूबरोबर डावी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या लाखेच्या रोगणाने चित्रे भिंतीवर टिकली, तेच रोगण वर्षे सरली तसे पिवळे पडत गेले. त्यावर धूळ आणि काजळी बसली. कोणी हेतुपुरस्सर लावली नसली तरी चित्रे आणि पाहणारा यांच्यामध्ये एक पिवळी काच उभी राहिली. प्रकाशाला या थरातून दोनदा जावे लागते, एकदा भिंतीकडे जाताना आणि एकदा डोळ्याकडे परतताना. म्हणून थर पातळ असला तरी परिणाम दुप्पट होतो. गेरूच्या तांबड्या रंगाचे त्यात फारसे काही बिघडले नाही. लाजवर्दाचा निळा मात्र अडला आणि हिरवट-काळपट दिसू लागला. पांढरा पिवळा झाला. तांबूस-पिवळी छटा ही अजिंठ्याची ओळखच आहे, असे पुढे अनेक प्रेक्षकांना वाटू लागले.

हा भ्रम लवकर ध्यानात येत नाही, याचेही कारण आहे. रंगीत चष्मा घातल्यावर पहिली काही मिनिटे सगळे वेगळे दिसते. नंतर डोळा आणि मन त्याला सरावतात आणि पांढरी भिंत पुन्हा पांढरीच वाटू लागते. सर्वत्र सारखाच पडदा असेल तर पडदा आहे, हेच विसरायला होते. तो ओळखण्यासाठी पडद्याबाहेरचे काहीतरी शेजारी ठेवून पाहावे लागते.

लाखेचे रोगण काढणेही सोपे नव्हते. ताजी लाख स्पिरिटमध्ये विरघळते, परंतु जुनी झाली की कडक होते आणि सहजासहजी सुटत नाही. आणि तिच्याखालचे रंग इतके नाजूक की थोडाही जास्त द्रव लागला तर तेही निघून यावेत. १९५० च्या दशकात लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आल्यानंतर त्या विभागाच्या रसायनतज्ज्ञांनी हे काम हाती घेतले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या व दुसऱ्या लेण्यात अधिक सावध पद्धतीने साफसफाई झाली, तेव्हा पिवळ्या थराखालून स्वच्छ पांढरा आणि गडद निळा पुन्हा वर आला. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने दूरदेशीचा लाजवर्द कशासाठी आणवला होता, ते तेव्हा कळले.

मग यजदानींचे काम फुकट गेले काय? मुळीच नाही. त्यांच्या ग्रंथातील चित्रे ही त्या काळी भिंत जशी दिसत होती तशी नोंद आहे. त्यानंतर जे तुकडे गळून पडले, त्यांचा पुरावा त्या पानांवर शिल्लक आहे. आजचा अभ्यासक साफ केलेली भिंत आणि जुने पान शेजारी ठेवून किती बदल झाला, ते पाहू शकतो. त्या पानांवरील रंगांत लाखेची पिवळी छाया असणारच. परंतु नोंद कधी झाली आणि कशी झाली हे लिहून ठेवलेले असल्यामुळे तिचे मोल कमी होत नाही. काय वजा करायचे, हे जाणत्याला ठरवता येते.

हदीसशास्त्राशी परिचय असलेल्या वाचकांना ही पद्धत अनोळखी वाटणार नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वचन आपल्यापर्यंत पोहोचले ते निवेदकांच्या साखळीतून. हदीसच्या विद्वानांनी वचनाबरोबर प्रत्येक निवेदकाचे नाव टिपले, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो कोणाला भेटला होता, त्याचा प्रामाणिकपणा कसा होता, याची कसून चौकशी केली. मजकूर कोणाकोणाच्या हातून आला, हे ठाऊक असेल तरच त्याचे वजन ठरते. अजिंठ्याच्या भिंतीवरील रंगही अशाच साखळीतून आपल्यापर्यंत येतो. रंगद्रव्य, त्यावरील रोगण, दिव्याचा उजेड, काच, शाई आणि शेवटी आपला डोळा, असे एकामागून एक निवेदक त्यात आहेत. यजदानींनी हाताच्या नकलेचा एक निवेदक कमी केला आणि उरलेल्यांची नोंद ठेवली.

त्यांचे कार्य अजिंठ्यापुरते मर्यादित नव्हते. माळव्यातील मांडू शहरावर त्यांनी १९२९ मध्ये ग्रंथ लिहिला. बीदरचा इतिहास व तेथील वास्तू यांवरील त्यांचा ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. रंगीत फरशा आणि शिंपल्यांच्या जडणकामासाठी प्रसिद्ध असलेला तेथील रंगीन महाल त्यात सविस्तर आला आहे. शाहजहान बादशहाच्या कारकिर्दीचा ‘अमल-इ-सालिह’ हा फारसी इतिहास त्यांनी संपादित केला. आयुष्याच्या अखेरीस, १९६० मध्ये, दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील दोन खंडांचा ग्रंथ त्यांच्या संपादनाखाली निघाला. भारत सरकारने १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. १९६२ मध्ये त्यांनी या जगाचा निरोप घेतला. अल्लाह त्यांच्या श्रमांचा स्वीकार करो आणि त्यांना मगफिरत देवो.

आज लेण्यांत मंद दिवे असतात आणि छायाचित्रासाठी फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, कारण तीव्र प्रकाशाने नाजूक रंगांची झीज होते. जळगाव-धुळ्याकडील कुटुंबे मुलांना घेऊन तेथे जातील, तेव्हा बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरताच घाईने पुढे सरकू नये. डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच-दहा मिनिटे शांत उभे राहावे. मग पहिल्या किंवा दुसऱ्या लेण्यात निळा रंग शोधण्यास मुलांना सांगावे, आणि सापडल्यावर तो इतकी वर्षे कशाखाली झाकला गेला होता, ते समजावून द्यावे. ज्याने दिसले तेवढेच लिहिले आणि कसे दिसले तेही लिहून ठेवले, त्या दिल्लीच्या विद्वानाचे नाव त्याच वेळी त्यांच्या कानावर घालावे.